एका सेक्टरसाठी 3,600 फेऱ्या

संगणक अचानक मंदावला की टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर अनेकदा आकड्यांची एक चमत्कारिक जोडी दिसते. डिस्क 100 टक्के कामात, आणि वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम 280 किलोबाइट. आलेखाची रेघ वरच्या कडेला चिकटलेली असते, माउसचा बाण गोल गोल फिरत असतो, आणि त्याच पानावर खाली ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’समोर चार-पाच हजार मिलिसेकंद असा आकडा असतो. म्हणजे डिस्कला एक गोष्ट मागितली की ती चार-पाच सेकंदांनी हाती लागते. या वेगाने मोबाइलवर काढलेला 4 मेगाबाइटचा एक फोटो उघडायला 14-15 सेकंद लागतील. हीच डिस्क गेल्या आठवड्यात सेकंदाला 150 मेगाबाइट, म्हणजे असे 37 फोटो वाचत होती. वेग पाचशे पटींनी पडला, तरी डिस्कला क्षणाची उसंत नाही.

मग ती गुंतली आहे कशात? यावर आपल्याकडचे सल्ले ठरलेले आहेत. ‘व्हायरस असेल’, ‘जुना झाला आता’, ‘फॉरमॅट मारा आणि विंडोज नव्याने टाका’. यातला तिसरा सल्ला सर्रास दिला जातो आणि सर्वांत मोठं नुकसान तोच करतो. तो का करतो, हे समजायला डिस्कच्या आतले आकडे बघावे लागतात, आणि ते आकडे खरोखर थक्क करणारे आहेत.

सुरुवात धडधाकट डिस्कपासून करू. डेस्कटॉप संगणकातली नेहमीची हार्डडिस्क मिनिटाला 7,200, म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या मारते. एक फेरी 8.33 मिलिसेकंदांची. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीचा व्यास सुमारे 95 मिलिमीटर असतो, त्यामुळे तिच्या कडेचा वेग ताशी 129 किलोमीटर भरतो. रोज आठ तासांप्रमाणे वर्षातले 300 दिवस संगणक चालवला, तर तबकडीच्या शंभर कोटींहून जास्त फेऱ्या होतात आणि तिची कड तीन लाख किलोमीटर धावते.

आता या तबकडीवरून 4 किलोबाइटचा एक तुकडा वाचायचा आहे. आधी हेड, म्हणजे वाचणारं टोक, योग्य ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या हव्या त्या वर्तुळावर न्यायचं, याला सरासरी 8 ते 9 मिलिसेकंद. मग हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. नशीब चांगलं असेल तर तो लगेच येतो, नसेल तर पूर्ण फेरी. सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4.17 मिलिसेकंद. एकूण साडेबारा मिलिसेकंद धरा. सेकंदाला असे 80 तुकडे. प्रत्येकी 4 किलोबाइट म्हटलं की वेग निघतो सेकंदाला 320 किलोबाइट. कसलाही बिघाड नसलेली, कालच दुकानातून आणलेली डिस्कसुद्धा विखुरलेले तुकडे गोळा करताना एवढाच वेग देते. 150 मेगाबाइटचा वेग मिळतो तो सगळा मजकूर एकापाठोपाठ एक मांडलेला असताना. दोन्ही आकडे एकाच डिस्कचे आणि दोन्ही खरे. त्यांच्यात साडेचारशे पटींचा फरक आहे.

प्रोसेसरच्या बाजूने ही वाट पाहणं किती लांबचं आहे? तीन गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एका सेकंदात 300 कोटी ठोके घेतो. साडेबारा मिलिसेकंदांत त्याचे पावणेचार कोटी ठोके होतात. प्रत्येक ठोका एक सेकंदाचा मानला, तर 4 किलोबाइटचा एक तुकडा मागवल्यावर तो मिळेपर्यंत 434 दिवस जातात. या दिवाळीत मागवलेली वस्तू पुढच्या वर्षीची दिवाळी उलटून गेल्यावर यावी, इतका तो काळ.

हे असं का झालं, हे इतिहासातल्या दोन आकड्यांवरून कळतं. जगातली पहिली व्यापारी हार्डडिस्क आयबीएमने 1956 साली आणली. ‘रॅमॅक’ संगणकाबरोबरच्या त्या यंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, वजन सुमारे टनभर, आणि एवढ्या पसाऱ्यात मावायची 50 लाख अक्षरं. आजच्या हिशेबाने पावणेचार मेगाबाइट, मोबाइलवरच्या एका फोटोएवढी. हवी ती नोंद सापडायला तिला सरासरी 600 मिलिसेकंद लागत. आज 20 टेराबाइटची डिस्क कोणालाही विकत मिळते. साठवण 50 लाख पटींहून जास्त वाढली. शोधण्याचा वेळ मात्र 600 मिलिसेकंदांवरून बारा-साडेबारावर आला, म्हणजे जेमतेम पन्नास पट सुधारला. फिरण्याचा वेग मिनिटाला 1,200 फेऱ्यांवरून 7,200 झाला, फक्त सहा पट. कोठार 50 लाख पट मोठं झालं आणि त्यात जिन्नस शोधणारा माणूस पन्नास पटच चपळ झाला. हार्डडिस्कची बहुतेक सगळी दुखणी या एका तफावतीतून येतात.

म्हणून डिस्क अचानक मंदावली की पहिला प्रश्न हा की तिच्यावर किरकोळ कामांची झोड तर उठलेली नाही? याचं सर्वांत नेहमीचं कारण डिस्कमध्ये नसतंच, ते रॅममध्ये असतं. चार जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझरची वीस-पंचवीस पानं उघडली की रॅम भरते, आणि विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवू लागते. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. डिस्कवरून साडेबारा मिलिसेकंद. फरक सव्वा लाख पटींचा. वापरणाऱ्याला वाटतं डिस्क बिघडली, आणि डिस्क बिचारी रॅमचं ओझं वाहत असते. विंडोजचा अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी, सर्चसाठी चाललेली सूची, हे सगळे त्याच जातीचे. ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये डिस्कचं पान उघडलं की कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वाचतोय आणि प्रत्येक मागणीला किती मिलिसेकंद लागताहेत, हे ओळीने दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्मे संशय तिथेच मिटतात.

आणखी काही कारणं निर्धोक आहेत, ती भराभर सांगतो. डिस्क भरत गेली की मजकूर तबकडीच्या आतल्या भागाकडे जातो. आतल्या ट्रॅकचा घेर लहान, त्यामुळे तिथला वेग बाहेरच्या कडेच्या साधारण निम्मा असतो. सातशे मेगाबाइटचा सिनेमा सलग असेल तर पाच सेकंदांत कॉपी होतो. तोच दहा हजार तुकड्यांत विखुरला असेल, तर नुसत्या शोधाशोधीत दोन मिनिटं जातात. आणि अलीकडच्या बऱ्याच स्वस्त, मोठ्या डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर अर्धवट चढवलेले असतात. तिथे मधलीच छोटीशी नोंद बदलायची तर पुढचा सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो, आणि असा एक पट्टा 256 मेगाबाइटपर्यंत असू शकतो. 4 किलोबाइटच्या बदलासाठी 65,536 पट लिखाण. अशा डिस्क सुरुवातीला वेगाने लिहितात आणि मग एकदम कोलमडतात. तो दोष नसून त्यांची घडण आहे. मोठ्या कॉपीनंतर त्यांना तासभर नुसतं चालू ठेवलं की त्या सावरतात.

मागण्या मोजक्याच असताना रिस्पॉन्स टाइम हजारांच्या घरात गेला, तर मात्र गोष्ट वेगळी. आता तबकडीच्या पृष्ठभागावरच उतरायला हवं.

मेलेली हार्डडिस्क उघडून पाहिली असेल त्यांना ठाऊक असेल, तबकडी आरशाइतकी लख्ख असते आणि तिच्यावर बोटाचा ठसा उमटला की तो स्पष्ट दिसतो. या गुळगुळीत वर्तुळावर एकेका बाजूला तीन ते चार लाख ट्रॅक असतात, एकात एक, समकेंद्री. साडेतीन लाख धरले तर एका ट्रॅकची रुंदी 70 नॅनोमीटरच्या आसपास येते. माणसाचा केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या जाडीत हजाराच्या आसपास ट्रॅक बसतील. हे सगळे ट्रॅक सोडवून सरळ रेषेत मांडले, तर एका बाजूचीच लांबी 70 किलोमीटरच्या पुढे जाते. पुण्याहून लोणावळ्यापेक्षा लांब आणि 70 नॅनोमीटर रुंद असा हा रस्ता. त्यावर एकेक बिट 10 ते 15 नॅनोमीटर लांबीचा, आणि त्याच्यावरून काही मोजक्या नॅनोमीटरच्या उंचीवर तरंगत जाणारं हेड. धुराचा एक कणसुद्धा या फटीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. एवढ्या क्षीण चुंबकीय खुणा वाचण्याची वाट खुली झाली ती एका शोधामुळे. तो आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी 1988 मध्ये वेगवेगळा लावला, आणि 2007 साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक टेराबाइटच्या डिस्कवर 8 लाख कोटी बिट असतात. 4 किलोबाइटचे तुकडे, म्हणजे सेक्टर, मोजले तर 24 कोटी 41 लाखांहून जास्त. इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं वाचताना चुका होणारच, आणि त्या सतत होत असतात. प्रत्येक सेक्टरबरोबर दुरुस्तीसाठी जास्तीचे बिट लिहिलेले असतात. डिस्कमधला नियंत्रक त्यांच्या आधारे चुका उडत्या उडत्या सुधारतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उत्पादक हमी देतात ती अशी: घरगुती डिस्कवर 10 चा चौदावा घात इतके बिट वाचले, तर त्यात जास्तीत जास्त एक वाचन कायमचं फसेल. हा आकडा म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या संख्यास्थानांत याला जलधी म्हटलं आहे. एवढा मोठा दिसणारा हा आकडा टेराबाइटमध्ये मोजला तर साडेबाराच भरतो. एक टेराबाइटची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत बारा-तेरा वेळा वाचली की कागदावरची हमी संपली.

सेक्टर वाचता आला नाही तर डिस्क काय करते? पुन्हा प्रयत्न करते. तबकडी फिरून तोच सेक्टर हेडखाली येईपर्यंत थांबते, पुन्हा वाचते. जमलं नाही तर हेड अंशभर डावीकडे सरकवून, अंशभर उजवीकडे सरकवून, वेगवेगळ्या रीतीने वाचत राहते. प्रत्येक प्रयत्नाची किमान किंमत एक फेरी, 8.33 मिलिसेकंद. साधा सेक्टर हेडखालून जायला 23 मायक्रोसेकंद पुरतात. घरगुती डिस्क मात्र एका नादुरुस्त सेक्टरवर कित्येक सेकंद, कधी अर्ध्या मिनिटाच्याही वर झगडत राहू शकते. लिनक्समध्ये डिस्कच्या उत्तराची वाट बघण्याची नेहमीची मुदत 30 सेकंदांची आहे. तीस सेकंदांत तबकडीच्या 3,600 फेऱ्या होतात. 4 किलोबाइटसाठी 3,600 फेऱ्या, आणि नेहमीपेक्षा 13 लाख पट वेळ. तेवढ्या वेळात प्रोसेसरचे 9,000 कोटी ठोके वाया जातात. टास्क मॅनेजरमधलं ते 100 टक्के हेच असतं. बाहेरून जो आळस वाटतो तो आतमध्ये जिवापाड चाललेला आटापिटा असतो.

सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क इतका हट्ट करत नाहीत. त्या साधारण 7 सेकंदांत हार मानतात, कारण तिथे तीच माहिती दुसऱ्या डिस्कवर असते. घरातल्या डिस्कला दुसरं कोणी नसतं म्हणून ती शेवटपर्यंत झुंजते. या झुंजीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुसरा संशयित डिस्कच्या बाहेर असतो, आणि तो फार स्वस्त आहे. तो म्हणजे केबल. साटा जोडणीत सेकंदाला 600 कोटी बिट धावतात. एका बिटाच्या वाट्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा सहावा हिस्सा येतो. तारेत संकेत नॅनोसेकंदाला 20 सेंटिमीटर जातो, म्हणजे वाटेतला एकेक बिट तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा असतो. अर्ध्या मीटरच्या केबलमध्ये कोणत्याही क्षणी 15 बिट एकामागे एक प्रवासात असतात. तबकडीवर 10-15 नॅनोमीटरचा असलेला बिट तारेत उतरला की वीस लाख पटींहून लांब होतो. टोकाची पिन ढिली असेल, धूळ किंवा पावसाळी दमटपणाने संपर्क बिघडला असेल, तर हे बिट विस्कटतात. प्रत्येक गठ्ठ्यासोबत पडताळणीची बेरीज जाते. ती जुळली नाही की गठ्ठा पुन्हा मागवला जातो.

याच जागी जुन्या विंडोज एक्सपीच्या संगणकांत एक विलक्षण गोष्ट घडत असे. तेव्हाच्या आयडीई डिस्क रुंद, 80 तारांच्या चपट्या केबलने जोडलेल्या असत आणि डीएमए पद्धतीने चालत. या पद्धतीत डिस्क प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅमशी देवाणघेवाण करते. पडताळणी चुकण्याचे किंवा मुदत उलटण्याचे असे एकूण सहा प्रसंग झाले, की विंडोज ठरवून टाके, ही जोडणी भरवशाची नाही. मग एकेक पायरी वेग उतरवला जाई. चुका होतच राहिल्या तर शेवटची पायरी पीआयओ, जिथे प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो. कोट्यवधी यशस्वी देवाणघेवाणींनंतरचे ते सहा अपयशाचे क्षण, वर्षभरात विखुरलेले असले तरी बेरीज पुसली जात नसे. सेकंदाला 50 मेगाबाइट वाचणारी डिस्क एका सकाळी तीनवर आलेली असे. ऐंशी जीबीची डिस्क आधी 27 मिनिटांत वाचून व्हायची, तिला आता साडेसात तास. डिस्क ठणठणीत, तबकडीवर ओरखडा नाही, तरी अशा कितीतरी डिस्क बदलल्या गेल्या असतील. उपाय एवढाच होता की केबल बदलायची, डिव्हाइस मॅनेजरमधून ते आयडीई चॅनेल काढून टाकायचं आणि संगणक पुन्हा चालू करायचा. मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होई. पुढे मायक्रोसॉफ्टने यश मिळताच ही मोजणी पुसण्याची सोय दिली. आजच्या साटा जोडणीतही चुका वाढल्या की लिनक्स वेग सहावरून तीन, मग दीड गिगाबिटवर उतरवतं, हे त्याच्या नोंदींत लिहिलेलं सापडतं.

आणखी एक कारण ऐकताना खोटं वाटेल असं आहे, ते म्हणजे आवाज. 2008 च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कच्या कपाटासमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं. त्याच क्षणी डिस्कच्या प्रतिसादाच्या वेळेत आलेली उसळी पडद्यावर दिसली. 70 नॅनोमीटरच्या ट्रॅकवर हेडला काही नॅनोमीटरसुद्धा ढळून चालत नाही. ढळलं की लिखाण थांबवायचं आणि पुढच्या फेरीची वाट बघायची. सप्टेंबर 2016 मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली, तेव्हा सुटलेल्या वायूचा आवाज 130 डेसिबलच्या पुढे गेला. त्या हादऱ्याने डिस्कच निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार कित्येक तास बंद राहिले. 2022 साली मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी लिहिलेला किस्सा तर आणखी नवलाचा. जॅनेट जॅक्सनचं ‘रिदम नेशन’ गाणं वाजवलं की काही लॅपटॉप बंद पडत, कारण त्यातल्या मिनिटाला 5,400 फेऱ्यांच्या डिस्कची स्वाभाविक कंपनसंख्या त्या गाण्यात होती. तेव्हा कॅबिनेटचा स्क्रू ढिला आहे का, मोठा स्पीकर त्याच टेबलावर ठेवलाय का, पंखा थरथरतोय का, हे बघण्यात काहीच वावगं नाही.

तबकडी की केबल, याचा निवाडा डिस्क स्वतः करून देते. प्रत्येक डिस्क ‘स्मार्ट’ नावाची एक वही आतल्या आत लिहीत असते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम किंवा लिनक्सवरची स्मार्टसीटीएल ही आज्ञा ती उघडून दाखवते. तीसेक ओळींपैकी चारच बघायच्या. 05 म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेले सेक्टर. सी5 म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर. सी6 म्हणजे तपासणीत हाताबाहेर गेलेले. सी7 म्हणजे केबलमधल्या पडताळणीच्या चुका. सी7 वाढतोय आणि बाकी तिन्ही शून्य, तर पहिल्यांदा केबल बदलून बघा, बहुतेक काम होईल. सी7 चा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, तो वाढायचा थांबला की झालं. सी5 समोर शून्याऐवजी काहीही दिसलं, अगदी 8 दिसलं तरी, दुखणं तबकडीचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही त्याचे ठसे असतात. क्रमांक 7 खराब ब्लॉकचा, 153 म्हणजे मागणी पुन्हा करावी लागली, 129 म्हणजे जोडणीच नव्याने सुरू करावी लागली.

आता ‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्याकडे येऊ. सी5 मधल्या सेक्टरबद्दल डिस्क निर्णय घेत नाही, कारण त्यात तुमचं काहीतरी असतं आणि ते टाकून द्यायचा अधिकार तिला नाही. त्या जागी नवं काही लिहिलं गेलं की तिचा प्रश्न सुटतो. लिखाण नीट बसलं तर सेक्टर पुन्हा वापरात येतो, नाही बसलं तर त्याच्या बदली राखीव सेक्टर घेतला जातो. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातो. म्हणजे फॉरमॅटनंतर सी5 शून्य होतो, डिस्क पुन्हा पळू लागते, आणि सगळ्यांना वाटतं ती बरी झाली. मजकूर तर गेलेलाच असतो, शिवाय त्याच आजारी तबकडीवर नव्याने विश्वास टाकला जातो. हा सल्ला टिकून आहे तो या खोट्या यशामुळे. मी तो चुकीचाच नव्हे तर घातक मानतो.

कारण पुढचा आकडा असा आहे. गुगलच्या संशोधकांनी स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कची पाहणी 2007 साली प्रसिद्ध केली. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या 39 पट निघाली. पहिला सेक्टर बदलावा लागलेल्या डिस्कसाठी ती 14 पट होती. त्याच पाहणीतली दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. बंद पडलेल्यांपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्ट वहीत या ठळक खुणांपैकी एकही नव्हती. तेव्हा चारही ओळी शून्य आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि एक ओळ शून्यावरून हलली तर थांबता येत नाही.

मग आधी काय करायचं? कॉपी. डीफ्रॅग नाही, चेकडिस्क नाही. दोन्ही गोष्टी थकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवतात. कॉपी कशी करायची, हेही हिशेबानेच कळतं. एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला 150 मेगाबाइटने वाचायला 1 तास 51 मिनिटं लागतात. समजा तिच्यावर हजार सेक्टर खराब आहेत. ते सगळे मिळून 4 मेगाबाइट, एकूण डिस्कचा अडीच लाखावा हिस्सा. प्रत्येकावर 30 सेकंद गेले तर तेवढ्यासाठी 8 तास 20 मिनिटं. सगळी डिस्कच अशी असती, तर सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात सुरू केलेलं वाचन आत्ता कुठे, 232 वर्षांनी, संपत आलं असतं. साधी कॉपी क्रमाने जाते आणि पहिल्याच खराब सेक्टरवर अडून बसते, पुढचं चांगलं सगळं मागे राहतं, आणि डिस्कचे मोजके उरलेले तास त्या 4 किलोबाइटवर खर्च होतात. डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्रॅम उलट चालतो. अडलं की पुढे उडी मारतो, आधी सगळं चांगलं उचलून घेतो, कुठे काय राहिलं याची नोंद ठेवतो आणि शेवटी खराब जागांकडे वळतो. दोन तासांत 99.99 टक्क्यांहून जास्त मजकूर सुरक्षित होऊ शकतो. डिस्क मधूनच टक-टक आवाज करत असेल, तर मात्र हाही प्रयत्न घरी करू नये. वीज बंद करावी आणि महत्त्वाचं असेल तर ती डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

आपल्याकडे अजूनही फार मोठा ठेवा अशा फिरत्या तबकड्यांवर आहे. छोट्या प्रकाशकांकडच्या आणि छापखान्यांतल्या पेजमेकरच्या फाइली, श्रीलिपीत जुळवलेले दिवाळी अंकांचे मजकूर, लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेलं चित्रीकरण, गेलेल्या माणसांचे फोटो. यांतल्या बहुतेकांची दुसरी प्रत नाही. दहा-पंधरा वर्षं फिरलेल्या त्या डिस्क कपाटात किंवा जुन्या संगणकात पडून आहेत.

तुमच्या घरात किंवा कार्यालयात अशी एखादी असेल, तर आजच तिची स्मार्ट वही उघडा, 05, सी5, सी6, सी7 या चार ओळी वाचा, आणि आकडे काहीही असोत, कॉपी करून घ्या. पन्नास हजार फोटो प्रत्येकी 4 मेगाबाइटचे धरले तर 200 जीबी होतात. डिस्क धड असताना हे काम अर्ध्या तासाचं आहे.